तेच गाणे पुन्हा का लागते?

आंबेनळी घाटात एफ.एम. रेडिओ धड ऐकू येत नाही. पोलादपूर सोडून गाडी महाबळेश्वरकडे चढू लागली की एका वळणावर गाणे स्वच्छ असते, पुढच्या वळणावर नुसती खरखर, आणि त्याच्या पुढे भलतेच केंद्र. याचे कारण नववी-दहावीच्या मुलांना सांगता येण्यासारखे आहे. एफ.एम.च्या लहरींची लांबी सुमारे तीन मीटर असते. त्या बऱ्याचशा प्रकाशासारख्या सरळ जातात आणि डोंगर आडवा आला की पलीकडे त्यांची सावली पडते. मध्यम लहरींची लांबी काहीशे मीटर असते. त्या डोंगराला थोडाफार वळसा घालू शकतात. घाटाखालच्या वाड्यांमधून जुना ट्रान्झिस्टर पुष्कळ वर्षे टिकून राहिला, त्याचे एक कारण हे.

या लेखाचे निमित्त अशाच एका वाडीतले आहे. मी त्या भागात शिकवत असताना नववीतल्या एका मुलीने तास संपल्यावर विचारले, "सर, रेडिओला आधी कळतं का?" तिचे आजोबा काही महिन्यांपूर्वी पहाटे वारले. त्या वेळी घरात रेडिओ चालू होता आणि निरोपाचा एक अभंग लागला होता. आजोबांच्या आवडीचा. तेव्हापासून तो अभंग सारखा लागतो, असे तिचे म्हणणे. लागला की आजी उठून रेडिओ बंद करते. एवढे सांगून ती गप्प झाली, आणि मग म्हणाली, "त्या दिवशी रेडिओ मीच लावला होता."

मी तिला म्हणालो, "अगं, योगायोग असतो." ती "हो सर" म्हणाली आणि गेली.

उत्तर चूक नव्हते, पण निकामी होते. 'योगायोग' हा शब्द आपण शिक्षक मंडळी फार वेळा दार लावून घेण्यासाठी वापरतो. मुलाने एक प्रसंग आणलेला असतो, त्यात पाहण्याजोग्या चार गोष्टी असतात, आणि आपण एका शब्दात त्याला परत पाठवतो. 'तो संकेत होता' म्हणणारा माणूस निदान काहीतरी स्पष्टीकरण देत असतो. 'योगायोग' म्हणून थांबणारा तेवढेही देत नाही. त्या मुलीच्या प्रश्नात प्रत्यक्षात दोन प्रश्न होते. त्या दिवशी नेमके तेच गाणे कसे लागले, हा एक. नंतर ते सारखे का लागते, हा दुसरा. दोन्हींची उत्तरे वेगळी आहेत.

आधी पहिला प्रश्न. समजा, पहाटेच्या अर्ध्या तासात पाच भक्तिगीते लागतात आणि केंद्राच्या नेहमीच्या वापरात अशी ७५ गाणी आहेत. म्हणजे कोणतेही एक गाणे सरासरी १५ दिवसांतून एकदा येणार. विशिष्ट दिवशी विशिष्ट गाणे लागण्याची संभाव्यता १/१५. ही काही फार छोटी संख्या नव्हे, पण दचकण्याइतकी आहे. मात्र आजोबांच्या आवडीचे गाणे एकच होते का? कोणत्याही घरात विचारून पाहा. 'हे आजोबांचं' असे म्हणता येण्याजोगी चार-पाच गाणी सहज निघतील. एक गाणे न लागण्याची संभाव्यता १४/१५. पाचही न लागण्याची काढायची तर १४/१५ ला पाच वेळा गुणावे लागेल. उत्तर सुमारे ०.७१ येते. म्हणजे पाचांपैकी एखादे तरी लागण्याची शक्यता जवळजवळ ३० टक्के. दहा सकाळींपैकी तीन सकाळी 'आजोबांचे गाणे' लागणारच आहे, आजोबा घरात असोत वा नसोत.

आता आणखी एक गोष्ट पाहा, आणि ही गणिताची नाही. पहाटेचे भक्तिसंगीत असते कशाबद्दल? देह नाशवंत आहे, जायचे आहे, पंढरीची वाट धरायची आहे, विठ्ठला आता ने. या विषयाला अजिबात न शिवणारी पाच गाणी सलग लागली तर ती खरी नवलाची गोष्ट म्हणावी लागेल. दुपारी दोन वाजता कोणी वारले असते आणि त्या वेळी एखादे खट्याळ लावणीवजा गाणे चालू असते, तर ते कोणाच्या लक्षातही राहिले नसते. संकेत म्हणून जे मोजले जाते त्याची यादी घटना घडून गेल्यावर तयार होते, आणि ती घडलेल्या घटनेला जुळेल अशीच होते.

पर्सी डायकोनिस आणि फ्रेडरिक मॉस्टेलर या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९८९ साली योगायोगांच्या अभ्यासपद्धतीवर एक निबंध लिहिला. नमुना पुरेसा मोठा असेल तर कितीही विलक्षण वाटणारी गोष्ट कुठे ना कुठे घडणारच, हा त्यातला एक मुद्दा. तो आपल्याकडच्या आकड्यांत मांडून पाहू. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाखांच्या वर होती. मृत्यूदर हजारी सहा धरला तर राज्यात दररोज अठराशेहून अधिक माणसे जातात. त्यांतल्या वीस घरांपैकी एकाच घरात त्या घटकेला रेडिओ किंवा दूरदर्शन चालू होता असे समजू. तरीही रोज नव्वद घरे झाली. या नव्वदांपैकी काही घरांत त्या क्षणाला साजेसे गाणे लागलेले असणार, उद्याही असणार, परवाही. त्या घरांतून गोष्ट सांगितली जाते. बाकीच्या घरांकडे सांगण्यासारखी गोष्ट नसते, म्हणून ती आपल्यापर्यंत येत नाहीत. वाडीत आलेली ती गोष्ट अशा चाळणीतून गळून आलेली होती.

हे गणित मी त्या मुलीला त्या दिवशी सांगायला हवे होते का? याबद्दल मी आजही साशंक आहे. दुःखाच्या माणसापुढे अपूर्णांक मांडणे बरे दिसत नाही. पण तिचा प्रश्न दुःखाचा नव्हताच, अपराधाचा होता. 'रेडिओ मीच लावला होता' या वाक्याला उत्तर द्यायचे तर कार्यकारणाबद्दल बोलणे भाग होते.

इथे योगायोगाच्या दुसऱ्या जातीचा उल्लेख केला पाहिजे, कारण तीत योगायोग नसतोच. पोलादपूरच्या स्थानकाजवळ चहा घेताना जे गाणे कानावर पडले, तेच त्याच क्षणी महाबळेश्वरच्या दुकानात चालू होते, असे दोन मित्रांना फोनवर बोलताना कळले तर ते चकित होतील. पण दोन्ही ठिकाणी विविध भारती चालू असेल तर यात नवल काय? १९५७ साली ३ ऑक्टोबरला सुरू झालेली ही सेवा मुळातच देशभर एकच कार्यक्रम पोहोचवण्यासाठी आहे. दोन घटनांमागे एकच कारण, एवढेच. कधी हे कारण असे उघड नसते. २८ सप्टेंबरला चार वेगवेगळ्या केंद्रांवर लताबाईंची गाणी ऐकू येतात, कारण तो त्यांचा जन्मदिवस. ३१ जुलैला रफी, कारण १९८० साली त्या दिवशी ते गेले. ज्याला तारीख माहीत नाही त्याला वाटते, आज सगळी केंद्रे संगनमत करून बसली आहेत. म्हणून 'योगायोग' म्हणण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न असा: या दोन घटनांना जोडणारे तिसरे काही आहे का? आजोबांच्या बाबतीतही असे काही होते. ते पहाटे उठत, रेडिओ पहाटे लागे, भक्तिगीते पहाटेच लागत, आणि ती त्यांना आवडत कारण आयुष्यभर त्या वेळी तीच ऐकली होती. आवड आणि वेळ एकमेकांपासून स्वतंत्र नव्हत्या. स्वतंत्र नसलेल्या घटनांच्या संभाव्यता सरळ गुणता येत नाहीत, हे आपण फळ्यावर लिहितो खरे, पण उदाहरण मात्र लाल आणि निळ्या चेंडूंचे देतो.

जाता जाता हीही तक्रार नोंदवतो. आपल्या पाठ्यपुस्तकांतली संभाव्यता नाणे, फासा आणि पत्त्यांचा जोड यांच्या बाहेर फारशी पडत नाही. बावन्न पत्त्यांत चित्रांचे पत्ते किती, हे खेड्यातल्या अनेक मुलींना पाठ करावे लागते, कारण घरात पत्त्यांना हात लावू देत नाहीत. रेडिओ मात्र फुकटचे साधन आहे आणि रोज नवे आकडे देते.

आता दुसरा प्रश्न: नंतर ते गाणे सारखे का लागते? यात लक्ष जाण्याचा भाग मोठा आहे. पूर्वी तो अभंग लागत असे तेव्हा ती पाणी भरत असेल, झोपेत असेल. आता आजी उठून खटका बंद करते. म्हणजे प्रत्येक वेळेवर खूण होते. न लागलेल्या दिवसांवर कोणी खूण करत नाही. पण सगळे खापर मनावर फोडणेही बरोबर नाही. गाणी खरोखरच घोळक्याने येतात. १५ दिवसांतून सरासरी एकदा याचा अर्थ दर पंधराव्या दिवशी असा नव्हे. निवड आंधळी असेल तर आज लागलेले गाणे पुढच्या तीन दिवसांत पुन्हा लागण्याची शक्यता जवळजवळ १९ टक्के येते. मग कधी महिनाभर पत्ताच नाही, असेही होते. आपल्या मनातली 'सरमिसळ' फार समान अंतरावर पसरलेली असते. खरी सरमिसळ गुठळ्यांची असते.

हे वर्गात दाखवता येते. अर्ध्या मुलांना फासा ६० वेळा टाकून आकडे लिहायला सांगा. उरलेल्यांनी फासा न टाकता मनानेच ६० आकडे लिहावेत, पण ते खऱ्या फाशाचे वाटले पाहिजेत. कागद गोळा करा आणि लागोपाठ तोच आकडा किती वेळा आला ते मोजा. खऱ्या फाशाच्या कागदावर अशा जोड्या सरासरीने दहाच्या आसपास निघतात (५९ भागिले ६). मनाने लिहिणारी मुले पुनरावृत्ती टाळतात, म्हणून त्यांचे कागद बहुधा ओळखू येतात. ही चूक मुलांचीच आहे असे नाही. अ‍ॅपल कंपनीच्या गाणी वाजवणाऱ्या उपकरणांबद्दल ग्राहकांची तक्रार होती की सरमिसळ करायला सांगूनही एकाच गायकाची गाणी पाठोपाठ येतात. २००५ साली कंपनीने सरमिसळीत मुद्दाम अंतर राखण्याची सोय केली. २०१४ साली स्पॉटिफायनेही आपली पद्धत तशीच बदलल्याचे सांगितले. लोकांना यादृच्छिक वाटावे म्हणून यादृच्छिकता कमी करावी लागली.

आणखी एक हिशेब मोठ्या मुलांसाठी. तेवीस जणांच्या वर्गात दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते, हे बऱ्याच जणांना माहीत असते. तोच हिशेब गाण्यांना लावा. एका केंद्राकडे ३०० गाणी आहेत आणि प्रत्येक वेळी डोळे मिटून एक चिठ्ठी उचलून, वाजवून परत डब्यात टाकली, तर केवळ २१ गाण्यांत एखादे तरी दुसऱ्यांदा येण्याची शक्यता ५० टक्क्यांच्या वर जाते. तासाला बारा गाणी धरली तर पावणेदोन तास. तीनशेचा डबा असूनही! ज्यांना कागदावर पटत नाही त्यांनी चिठ्ठ्या करून पाहावे. आमच्या शाळेत पंचांगाच्या जुन्या पानांच्या केल्या होत्या.

यातून एक उलटा निष्कर्ष निघतो. दोन-तीन तास रेडिओ ऐकूनही एकही गाणे पुन्हा आले नाही, तर ती निवड आंधळी नसण्याचा संभव जास्त. कोणीतरी बसून ती टाळली आहे. प्रत्यक्षात तसेच असते. पूर्वी हे काम कार्यक्रम अधिकारी वहीत करत. अमेरिकेत १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून ते संगणकाकडे गेले. एका गाण्यानंतर तेच पुन्हा किती वेळाने यावे, एक गायक लागोपाठ किती वेळा चालेल, हे सगळे त्यात भरून ठेवता येते. खाजगी एफ.एम. केंद्रे आपल्याकडे २००१पासून आली आणि ही पद्धत त्यांच्याबरोबर रुळली.

आता माझी खरी तक्रार. नव्या, चालू गाण्यांची यादी समजा चाळीसची आहे. तासाला बारा म्हणजे सगळी यादी तीन तास वीस मिनिटांत संपते. महाडच्या बाजारपेठेतला दुकानदार सकाळी नऊ ते रात्री नऊ रेडिओ लावून बसला तर प्रत्येक गाणे त्याच्या कानावर तीन-चार वेळा पडते. आणि सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास जीपने जाणारा शिक्षक? त्याला दोन्ही वेळा सहा-सहा गाणी ऐकू येतात. दोन्ही सहांमध्ये निदान एक गाणे सारखे असण्याची शक्यता काढा (चाळीसातून सहा निवडण्याच्या रीती ३८,३८,३८०, सकाळची सहा वगळून उरलेल्या चौतिसातून सहा निवडण्याच्या १३,४४,९०४). उत्तर ६५ टक्के. तीन दिवसांपैकी दोन दिवस तो म्हणणार, 'मी गाडीत बसलो की हेच लागतं.' यात ना संकेत आहे ना नशीब. चाळीस हा आकडा आहे, आणि तो कोणीतरी ठरवलेला आहे.

'लोकांना हेच हवे असते' असे यावर सांगितले जाते. ते किती खरे? मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ साली 'सायन्स'मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. चौदा हजारांहून अधिक लोकांना अपरिचित वाद्यवृंदांची ४८ गाणी ऐकायला दिली. काहींना आधीच्यांनी कोणते गाणे किती वेळा उतरवून घेतले हे दाखवले, काहींना नाही. दाखवलेल्यांचे आठ वेगळे गट होते, एकमेकांपासून तोडलेले. प्रत्येक गटात लोकप्रिय गाणी जास्तच लोकप्रिय झाली, पण कोणती, ते गटागटात पुष्कळ बदलले. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, फार वाईट वर आली नाहीत, मधल्यांचे मात्र काही सांगता येईना. म्हणजे जे वारंवार वाजते ते आवडू लागते, आणि आवडते म्हणून वारंवार वाजते. या वर्तुळाची सुरुवात एखाद्या क्षुल्लक गोष्टीनेही होऊ शकते.

सरकारी रेडिओ या दोषातून सुटला आहे असे मी म्हणणार नाही. फर्माइशी कार्यक्रमांत झुमरी तलैया हे नाव एके काळी इतके ऐकू येई की असे गाव खरोखर आहे का, याची पैज लागे. ते आहे, झारखंडात, अभ्रकाच्या खाणींसाठी प्रसिद्ध. तिथल्या हौशी श्रोत्यांनी पत्रे पाठवण्याचा सपाटा लावला होता. पत्रांच्या संख्येवरून देशाची आवड मोजली तर मोजली जाते ती पत्र लिहिण्याची हौस. आंबेनळीखालच्या म्हाताऱ्याने कधी पोस्टकार्ड टाकले नाही, म्हणून त्याला आवड नव्हती असे होत नाही.

पण सरकारी रेडिओने एक गोष्ट नीट केली आणि तिचे मोल मला हा लेख लिहिताना जाणवले. गाण्याआधी तो चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार यांची नावे सांगतो. वही करणाऱ्याला याहून काय हवे? 'खास तुमच्या मनातलं' एवढेच म्हणून नाव न घेता वाजवलेल्या गाण्याची नोंद करता येत नाही, आणि ज्याची नोंद नाही त्याबद्दल भांडताही येत नाही. आणि पुनरावृत्ती म्हणजे वाईटच असेही नाही. पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ला गदिमा आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' सुरू झाले, तेव्हा शुक्रवारी लागलेले नवे गीत शनिवारी आणि रविवारी त्याच वेळी पुन्हा ऐकवत. ५६ गीते महाराष्ट्राला पाठ झाली, त्यात या तीन वेळांचा वाटा मोठा असला पाहिजे. ती पुनरावृत्ती जाहीर होती, वेळ ठरलेली होती, आणि पुढच्या शुक्रवारी नवे गीत येणार हे ऐकणाऱ्याला ठाऊक होते.

त्या मुलीकडे परत येतो. 'योगायोग' म्हणून पाठवल्याची रुखरुख लागली, म्हणून आठवड्याने मी तिला एक शंभर पानी वही दिली आणि म्हणालो, "तुझं म्हणणं खरं असेल, पण आपल्याला माहीत नाही. रोज पहाटे लागलेली सगळी गाणी लिही. ते लागलं तरी आणि नाही लागलं तरी." चार रकाने आखून दिले: तारीख, वेळ, गाणे, गायक. रेडिओ लावायचा की नाही याबद्दल मी काही बोललो नाही, पण वही भरायची तर तो लावणे आले.

वही मी पावसाळ्यानंतर पाहिली. मधली काही पाने कोरी होती. त्यांवर 'लाईट नाही, सेल संपले' असे लिहिले होते. न लागलेल्या दिवसांच्या नोंदी पुष्कळच होत्या, आणि त्या लिहून तिचा हात दुखला असे तिने सांगितले. तो अभंग जिथे जिथे आला होता तिथे तिने काही खूण केली नव्हती. मला शोधावा लागला. एके ठिकाणी तो लागोपाठ दोन दिवस होता. मी ते बोटाने दाखवले. ती म्हणाली, "हो सर, तेव्हा आजी म्हणाली, बंद नको करू, तुझं लिहून होऊ दे."